जिना चढल्याशिवाय सुट्टी नाही

आमच्या स्टाफरूममध्ये एक कपाट आहे. त्यात पेशंटांचे विसरलेले डबे असतात. कुणाचा स्टीलचा, कुणाचा प्लॅस्टिकचा, एक तर चक्क पितळी कडीचा. माणूस बरा होऊन घाईघाईनं घरी जातो, डबा राहतो आणि ‘येईल कधीतरी न्यायला’ म्हणून आम्ही ठेवून देतो. किस्स्यांचंही तसंच आहे बघा. माणसं घरी जातात, किस्से आमच्याकडे राहतात! आता कपाटाचं दार लागेनासं झालंय, म्हणून म्हटलं, थोडे डबे उघडावेत.

मी मनीषा, फिजिओथेरपिस्ट. बडोद्यात पाणीगेटच्या अलीकडे एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात हृदयाच्या वॉर्डात काम करते. लोकांना वाटतं, फिजिओ म्हणजे गुडघे आणि कंबर. अहो, छाती उघडून ऑपरेशन झालेल्या माणसाला उभं करायचं, त्याला नीट खोकायला शिकवायचं, चालायला लावायचं, हे सगळं माझ्याच गळ्यात! आणि शेवटी जिना. आमच्या मोठ्या सरांचा नियम आहे. पहिल्या मजल्यावरचा वॉर्ड ते दुसऱ्या मजल्यावरची ओपीडी, एवढा जिना पेशंटनं माझ्यासोबत चढून दाखवायचा. मगच सुट्टी. नाही चढला, तर खाट त्याची आणि तो खाटेचा!

त्यामुळे मला मनीषाबेन कुणी म्हणतच नाही. ‘सीडीवाळां बेन आव्यां’, म्हणजे जिन्यावाल्या बाई आल्या, अशी बातमी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाते आणि अर्धा वॉर्ड डोळे मिटून झोपेचं सोंग घेतो.

* * *

जिन्याच्या वरच्या पायरीवर घरचं कुणीतरी उभं राहतं. ही प्रथा आमच्या सरांची नाही, ती सुरू झाली हसमुखभाईंमुळे. हसमुखभाईंचं फरसाणचं दुकान. बायपास झाली, टाके सुकले, सगळं ठीक. पण जिना म्हटलं की गडी पांघरूण ओढून घ्यायचा. मी ओरडून पाहिलं, लाडीगोडी लावली. ढिम्म!

शेवटी त्यांचा मुलगा म्हणाला, “बेन, मला वर उभं राहू द्या.” आणि हा पठ्ठ्या दुकानातले ताजे गरम फाफडे घेऊन वर उभा राहिला! वास जिन्याभर. हसमुखभाईंनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि निघाले. मधे थांबायला सांगितलं तरी थांबेनात. मीच म्हणत होते, “अहो काका, सावकाश, सावकाश!”

वर पोचले. हात पुढे केला. मुलानं शांतपणे एक फाफडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. म्हणाला, “पप्पा, डॉक्टरांनी फक्त दाखवायला सांगितलंय.”

हसमुखभाई माझ्याकडे वळून म्हणाले, “बेन, आ तो छेतरपिंडी छे! शुद्ध फसवणूक! मला परत खाली नेऊन सोडा!”

* * *

तेव्हापासून वरच्या पायरीवर काय काय आलंय म्हणून सांगू? कुणाची नात आली, कुणाची स्कूटरची किल्ली आली, एकांचा पाळलेला पोपट यायला निघाला होता, त्याला वॉचमननं गेटवरच अडवलं. पण मला आठवतात त्या मोहिते काकू.

मोहिते मंडळी मांजलपूरची. काका रिफायनरीतून रिटायर झालेले, ताठ, मिशीवाले. पूर्वज म्हणे बडोद्याच्या महाराजांच्या फौजेत होते, आणि ते काका कुणाला विसरू देत नाहीत. काही वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. जिन्याच्या दिवशी अर्ध्या वाटेत, जिना वळतो तिथल्या चौथऱ्यावर काका अडून बसले. “बास. मला चहा पाहिजे. चहा मिळाल्याशिवाय एक पाऊल टाकणार नाही.”

काकू वर उभ्या होत्या. बुटक्या, चटपटीत, खांद्याला पिशवी. त्यांनी पिशवीतून निळा थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि तिथूनच म्हणाल्या, “आलं आहे, गवती चहा आहे. हवा असेल तर वर या. मी खाली येणार नाही!”

आले मग काका, करतात काय! वर आल्यावर एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “साखर कमी आहे.”

“असू दे,” काकू म्हणाल्या. “माणूस शिल्लक आहे ना?”

* * *

ऑपरेशननंतर आम्ही पेशंटला एक छोटी उशी देतो. खोकला किंवा शिंक आली की ती छातीशी घट्ट धरायची, म्हणजे टाक्यांना आधार मिळतो. बहुतेक लोक महिन्या-दोन महिन्यांत ती कोपऱ्यात टाकतात. जयेशभाईंनी नाही टाकली. ते उशी घेऊन बँकेत जायचे, भाजीला जायचे, मुलीच्या साखरपुड्याच्या फोटोतसुद्धा उशी आहे!

मग नवरात्र आलं. बडोद्याच्या माणसाला एक वेळ जेवू नको म्हणा, पण गरबा खेळू नको म्हणून बघा! जयेशभाई रोज फोन करायचे. सर म्हणाले, “हळूहळू गोल चाला, पण हात वर करायचे नाहीत.” झालं, परवानगी मिळाली! सोसायटीच्या गरब्यात जयेशभाई झब्बा घालून, दोन्ही हातांनी उशी छातीशी धरून, संथपणे, डोळे मिटून गोल फिरले. त्यांची बायको सांगत होती की लोक बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी चार मुली आपापल्या घरून उशा घेऊन आल्या. त्यांना वाटलं, यंदाची ही नवी स्टेप आहे!

* * *

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याला ‘खबर काढायला जाणं’ म्हणतात. इथल्या मराठी घरांतही हाच शब्द. आणि खबर काढायला एकटं दुकटं कुणी येत नाही. फतेगंजच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आमच्याकडे ॲडमिट झाले, तर रविवारी सगळी सोसायटी आली. बायका, पोरं, लिफ्टमन, सगळे. सिस्टरनं दारात हात आडवा केला. “एका वेळी दोघंच!”

मंडळी विचारात पडली. एवढं पेट्रोल जाळून आलेलो, आता परत कसं जायचं? तेवढ्यात त्यांच्यातल्या एका बेनचं लक्ष शेजारच्या खाटेकडे गेलं. तिथे पीटर अंकल होते. एकटेच. मुलगा परदेशात, बायको गेलेली. त्यांच्याकडे ॲडमिट झाल्यापासून कुणीही आलेलं नव्हतं. संध्याकाळी भेटीची वेळ झाली की ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आम्हाला सगळं दिसत होतं हो, पण करणार काय?

बेन म्हणाली, “यांच्याकडे दोघांची जागा रिकामी आहे की!” आणि दोघं दोघं करून सगळी सोसायटी पीटर अंकलची खबर काढून आली. प्रत्येकानं विचारलं, कसं वाटतंय, झोप लागते का, जेवण बेचव असतं ना? अंकल सगळ्यांना ऑपरेशनची गोष्ट पहिल्यापासून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी राउंडला सर म्हणाले, “अरे वा, काल बरीच माणसं होती! कोण तुमची?”

“माहीत नाही,” पीटर अंकल म्हणाले. “पण माझ्या जिन्याच्या दिवशी सगळे वर उभे राहणार आहेत!”

आणि राहिले! वरच्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. ओपीडीवाले माझ्यावर अजून चिडून आहेत.

* * *

आता मोहिते काकूंकडे परत येते, कारण खरा किस्सा त्यांचाच.

काका चेकअपला यायचे, काकू सोबत असायच्या. फाइल काकूंकडे, गोळ्यांच्या वेळा काकूंना पाठ, सरांच्या प्रश्नांना उत्तरं काकूंची. एकदा मे महिन्यात लिफ्ट बंद होती. काका जिना चढून वर आले आणि मला पाहून छाती फुगवून म्हणाले, “बघा सीडीवाळां बेन, एका दमात!”

“आणि काकू?”

“येतेय मागून. तिचं आपलं रमतगमत असतं.”

मी खाली वाकून पाहिलं. काकू वळणाच्या चौथऱ्यावर बसल्या होत्या. कठड्याला डोकं टेकलेलं, ओठ निळसर, मांडीवर काकांची फाइल. मी धावत खाली गेले. त्या मला म्हणतात काय, “काही नाही गं, गुडघे! तू जा, त्यांचं बीपी बघ.”

मी त्यांना धरून सरांपुढे नेलं. सरांनी विचारलं, “दम कधीपासून लागतो?” काकूंनी तोंड उघडायच्या आत काका बोलले, “तिला काही होत नाही हो. लोखंड आहे लोखंड!”

खरं सांगते, मला त्या माणसाचा राग आला. मी म्हटलं, “काका, प्रश्न त्यांना विचारलाय!” आणि काकू संकोचून मला म्हणाल्या, “अगं, मला कशाला तपासताय? मी पेशंट नाही. मी सोबत आलेय!”

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. हृदयाची एक झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, पार आकसली होती. सरांनी स्पष्ट सांगितलं की झडप बदलावी लागेल आणि थांबण्यात जिवाला धोका आहे. परतताना काका जिन्याच्या तोंडाशीच थांबले. मला म्हणाले, “आयुष्यभर रिफायनरीत व्हॉल्व्ह तपासले, बेन. आवाजावरून सांगायचो, कुठला बिघडलाय. घरातला बिघडला तो नाही कळला.” माझा राग तिथेच संपला.

* * *

पण काकू ऑपरेशनला तयार होईनात. आधी लोणचं घालायचं होतं. मग भाचीचं केळवण होतं. मग गणपती बसणार होते. मी फोन केला की रोज नवा मुहूर्त! शेजारच्या दक्षाबेननं सांगून पाहिलं, सरांनी रागावून पाहिलं. शेवटी एकदा ओपीडीत काकूंनी खरं कारण सांगितलं. “मला काही झालं तर यांचं काय? अगं, या माणसाला चहासुद्धा करता येत नाही!”

काका शेजारीच बसलेले. ते एकदम म्हणाले, “चहा कोण करणार, ही काळजी नाही मला. तो प्यायचा कोणाबरोबर?”

मोहिते काका असं काही बोलतील, हे त्यांच्या मिशांनासुद्धा वाटलं नसेल. काकू पदराशी खेळत बसल्या. मग म्हणाल्या, “आधी करून तर दाखवा!”

दुसऱ्या दिवशी घरी काकांनी चहा केला. दक्षाबेन साक्षीला होती, तिनंच मला सगळं सांगितलं. आलं ठेचलं, गवती चहा टाकला, दूध, साखर, सगळं घातलं. उकळून उकळून कपात गाळला. रंग पांढराशुभ्र! गृहस्थ चहाची पावडरच विसरले होते!

काकू हसल्या, हसल्या, इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली. धाप ओसरल्यावर त्यांनी मला फोन केला. “मनीषा, सरांना सांग, करा ऑपरेशन. मी गेले तर हा माणूस उपाशी मरेल!”

* * *

ऑपरेशन उत्तम झालं. सर खूश, आम्ही खूश. काकू उठून बसल्या, चालल्या, उशी धरून खोकल्या. सगळं नीट. फक्त जिन्याशी आल्या की पाय थांबायचे.

“नको गं. त्या चौथऱ्यावरच बसेन मी परत.”

“काकू, झडप नवी आहे आता. दम लागायचा नाही.”

“तुझं खरं असेल. पण मला नाही जमायचं.”

त्यांच्यामागून ऑपरेशन झालेल्या बायका जिना चढून घरी गेल्या. काकू तिथेच. आणि मला खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. काकूंनी घराबद्दल विचारणं बंद केलं होतं. काका काय जेवले, गोळ्या घेतल्या का, तुळशीला पाणी घातलं का, काही नाही. नुसत्या छताकडे बघत पडायच्या. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, “मनीषा, हृदय ठीक आहे त्यांचं. पण त्यांना उठवायचं कसं, ते तूच बघ.” घरी गेले तरी माझ्या डोक्यात तेच. माणूस ऑपरेशनमधून वाचवायचा आणि खाटेवर हरवायचा, हे काही मला पटेना.

मी काकांना म्हटलं, “काका, उद्या वर उभं राहायचं. आणि हात हलवत येऊ नका!”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात तोच निळा थर्मास. लिफ्टनं वर जाऊन शेवटच्या पायरीवर अटेन्शनमध्ये उभे राहिले. मी काकूंना जिन्याशी आणलं. जरा जबरदस्तीच केली म्हणा ना! वॉर्डातल्या बायका दारात जमल्या. काकूंनी एका हातानं उशी छातीशी धरली, दुसरा हात माझ्या हातात. एक पायरी, दुसरी पायरी. हात बर्फासारखा गार. चौथऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

“बास, मनीषा. मला खाली ने.”

“काकू, अर्धं झालं!”

“खाली ने म्हणते ना!” डोळ्यांत पाणी.

वरून काकांनी थर्मास उंच केला. मोठ्यानं म्हणाले, “अगं, हे बघ! चहा आणलाय! मी केलाय, एकट्यानं! पावडर घातलीय!”

खाली बायका हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यांनी मान वर केली. थर्मासकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. कितीतरी दिवसांनी पडली!

“गॅस बंद केलात?”

काकांचा हात हवेतच राहिला.

“अहो, मी काय विचारतेय? गॅस बंद केलात का?”

“केला... केला बहुतेक.”

“बहुतेक?”

काकांचा चेहरा पांढरा पडला. जन्मभर रिफायनरीत एक ठिणगी उडू न दिलेला माणूस! थर्मास तिथेच पायरीवर ठेवला आणि जिन्यानं खाली धावायला निघाले.

“अहो, पळू नका! बायपास झालीय तुमची! मनीषा, धर त्यांना! थांबा म्हणते ना तिथेच!”

मी काकांकडे बघत होते, त्यामुळे माझ्या हातातून काकूंचा हात कधी सुटला, ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा उशी चौथऱ्यावर पडलेली होती आणि काकू वर होत्या. काकांना त्यांनी वरच्या पायरीशीच अडवलं होतं आणि त्यांचं मनगट धरून नाडी मोजत होत्या.

“केवढी धडधड होतेय! बसा आधी खाली. श्वास घ्या. मनीषा, दक्षाला फोन लाव, किल्ली असते तिच्याकडे.”

मी फोन स्पीकरवर टाकला. दक्षाबेन फोन कानाशी धरूनच त्यांच्या घरी गेली. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. वॉर्डातल्या बायका खाली, ओपीडीतले पेशंट वर, आणि काका पायरीवर डोकं धरून बसलेले.

“भाभी,” फोनमधून दक्षाबेनचा आवाज आला, “गॅस तो बंद छे! पण घरनो दरवाजो आखो खुल्लो छे! सताड उघडा!”

काकूंनी काकांकडे पाहिलं. मग खाली वाकल्या, थर्मास उचलून काखेत मारला आणि माझ्याकडे वळल्या.

“सर कुठेत गं? त्यांना म्हणावं, मला आत्ताच्या आत्ता घरी सोडा!”